इनडोअर लीग खेळायला अमेरिकेत यायचंय? आधी व्हिसाचं बघ

भावा, तुझा बेत वाचला. कोल्हापुरात तालमीकडून शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतोस, फुटसालही (छोट्या मैदानावरचा पाच-पाच जणांचा फुटबॉल) खेळलायस, आणि आता बायकोला घेऊन अमेरिकेत यायचं, एमएएसएल म्हणजे मेजर अरेना सॉकर लीग या इनडोअर फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये निदान एक सीझन काढायचा. मी मिलवॉकीत राहतो, त्या लीगमधल्या इथल्या मिलवॉकी वेव्ह संघाचे सामने नेमानं बघतो आणि इथल्या हौशी इनडोअर लीगमध्ये पायही मारतो. खेळ तुला जमेल. अडेल ते पोटापाण्याशी.

सीझन हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. कमाईही तेवढ्याच महिन्यांची. म्हणून इथले बरेच खेळाडू जोडीला दुसरं काम करतात. बहुतेकदा मुलांच्या क्लबात कोचिंग. तुला ती सोय नाही. परदेशी खेळाडूला लागतो पी-1ए, म्हणजे नावाजलेल्या खेळाडूंसाठीचा व्हिसा, आणि त्यावर ज्यानं तुझ्यासाठी अर्ज केला, त्याच्याकडेच काम करता येतं. बायकोला पी-4, म्हणजे अशा खेळाडूच्या कुटुंबासाठीचा व्हिसा मिळेल, पण त्यावर तिला नोकरी करता येत नाही. म्हणजे पाच महिन्यांच्या पैशांवर दोघांचं घरभाडं, आणि घरातून बाहेर पडायचं तर गाडीही. मिलवॉकीच्या जानेवारीत बसची वाट बघत उभं राहून दाखव, मग बोलू.

बरं, पी-1ए मिळण्यासाठीही आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव असल्याचे पुरावे लागतात: राष्ट्रीय संघाकडून खेळणं, मोठ्या लीगमधली कामगिरी, जाणकारांची पत्रं वगैरे. पेठेपेठेत तुझं नाव दुमदुमत असेल, पण इमिग्रेशनच्या कागदावर त्याला वजन नाही. विद्यार्थी म्हणून एफ-1 वर येऊन क्लबकडून पैसे घेईन, असा सल्ला कुणी देईल. ऐकू नकोस. ते बेकायदा काम धरलं जातं आणि पुढचे व्हिसाही अडकतात.

आता खेळ. फुटसाल खेळलोय म्हणून निर्धास्त राहू नकोस. फुटसालमध्ये चेंडू रेषेबाहेर जातो. इथे आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत कृत्रिम गवत घालतात आणि चारी बाजूंनी फळ्या, वर काच. मिलवॉकीच्या पँथर अरेनात तर ॲडमिरल्सचा आइस हॉकीचा संघही खेळतो. कॅरममध्ये रिबाउंड काढतो तसा पास फळीवरून काढायचा, आणि गोलमागच्या काचेवरून परतलेला चेंडू कुठे पडेल ते आधीच ओळखायचं. गोलकीपर धरून सहा जण, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, खेळ चालू असतानाच बदली. मिनिट-दीड मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाकावर. नव्वद मिनिटं पुरवून पुरवून खेळायची सवय इथे उपयोगाची नाही. निळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो.

एकाच संघाच्या भरवशावरही राहू नकोस. इनडोअर लीगचा इतिहासच मोडण्या-जोडण्याचा आहे. 1978 साली सुरू झालेली मूळ एमआयएसएल (मेजर इनडोअर सॉकर लीग) 1992 मध्ये बंद पडली. आताची एमएएसएल 2014 मधल्या जुळवाजुळवीतून आली. 1984 पासून टिकलेला वेव्हसारखा संघ विरळाच.

तरी यायचंच असेल, तर नोकरी सोडण्याआधी क्लबकडून लेखी घे: व्हिसाचा अर्ज कोण करणार, वकिलाची फी कुणाची, राहायची सोय आहे का, आणि गुडघा गेला तर सीझन संपल्यावरचे उपचार कोण करणार. चाचणीला यायचं झालं तर कुठल्या व्हिसावर, हे एजंटला नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. आणि व्हिडिओ पाठवताना नुसत्या गोलांची रील नको. फुटसालचा एखादा अख्खा सामना पाठव, त्यात चेंडू हातचा गेल्यावर तू परत कसा पळतोस ते दिसू दे.