एन ९५ नंतर काय बिघडलं?

प्रश्न : काका अजूनही नोकिया एन ९५ चं कौतुक करतात, पण एन ९७ चं नावही काढत नाहीत. असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकांचं मन मला पटकन कळलं. माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो एन ९५ नेच काढलेत. २००७ सालचा फोन, पण ५ मेगापिक्सेलचा कार्ल झाइस कॅमेरा, जीपीएस आणि दोन्ही बाजूंना सरकणारी पाटी! तो उघडताना होणारा ‘खट्’ आवाज अजून कानात आहे.

एन ९७ आला २००९ मध्ये. कागदावर भारीच : ३२ जीबी साठवण, पूर्ण कीबोर्ड. पण रॅम (चालू कामांसाठी लागणारी मेमरी) फक्त १२८ एमबी, आणि फोनच्या सिस्टिमसाठीची वेगळी मेमरी इतकी तुटपुंजी, की ३२ जीबी रिकामे असतानाही ‘मेमरी भरली’ अशी सूचना यायची. याचंच मला खरं वाईट वाटतं. पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाब दिल्याशिवाय न ऐकणारा. शेजारी आयफोनचा पडदा नुसत्या स्पर्शाने हलत होता. फोन चालवणारी सिस्टिम म्हणजे सिम्बियन; नोकियाची तिची आवृत्ती मुळात बटणांसाठी घडलेली, तिच्यावर स्पर्श नंतर चढवला. पुढे नोकियाचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी अन्सी वान्योकी यांनीही या फोनने निराशा केल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

काकांचा एन ९५ चालू असेल, तर त्यातले फोटो आधी उतरवून घ्या.