मटमध्ये (टर्मिनलमधला मेल प्रोग्रॅम) मेल लिहिता लिहिता शेलवर (कमांड द्यायच्या जागी) जायचं असेल तर कंट्रोल-झेड वापरावं की टीमक्समध्ये (एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो देणारा प्रोग्रॅम) दुसरी विंडो उघडावी?

कंट्रोल-झेड, म्हणजे चालू प्रोग्रॅम तात्पुरता थांबवणं (सस्पेंड). याला कोणी जुनाट म्हटलं की मला अजून राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या नोकरीत आमचा सगळा मेल सर्व्हरवरच होता, एसएसएच करून (दुरून त्यावर लॉगिन होऊन) मटमध्ये वाचायचा. बगवर उत्तर लिहिताना लॉगमधल्या चार ओळी हव्या असल्या की मी व्हिम या एडिटरमधूनच कंट्रोल-झेड मारायचो, व्हिम आणि मट दोन्ही एकदम थांबतात, मग ग्रेप करून (हव्या त्या ओळी शोधून) आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, एफजी (थांबवलेलं परत पुढे आणायची कमांड) केलं की कर्सर होता तिथेच, आणि फाइल मेलमध्ये रीड करायची. आमचे एक सीनियर सारखे म्हणायचे, स्क्रीन (टीमक्ससारखाच प्रोग्रॅम) लाव, कनेक्शन तुटलं तर सगळं जाईल. एक दिवस खरंच तुटलं. दीड तास लिहिलेला मेल, आणि तेव्हा मट नेमकं सस्पेंड केलेलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तरी सांगत होतो." पण गेलं काहीच नव्हतं! टर्मिनल गेलं की थांबलेल्या जॉबला (प्रोग्रॅमला) हँगअप आणि कंटिन्यू दोन्ही सिग्नल मिळतात, आणि व्हिम मरायच्या आधी स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या मजकुराची प्रत) लिहून ठेवतं. टेम्प डिरेक्टरीत लपलेल्या फाइल्स बघितल्या, मटच्या नावाची स्वॅप फाइल होती, व्हिम -आर केलं आणि अख्खा मजकूर परत आला. ते बघायला ते थांबले नाहीत, चहाला गेले. त्यांचं म्हणणं चूकच होतं, आजही तेच सांगेन.

टीमक्स वाईट नाही, पण दुसरी विंडो म्हणजे दुसरा शेल, त्याची डिरेक्टरी वेगळी, व्हेरिएबल वेगळे. दोन ग्रेपसाठी कशाला?

हां, मट शेवटी & लावून सुरू करू नका, बॅकग्राउंडमधून टर्मिनलला हात लावला की लगेच थांबतं. एक्सटर्म -ई ने (टर्मिनल विंडोत एकच प्रोग्रॅम चालवून) थेट मट उघडत असाल तर मागे शेलच नसतो, तिथे मटआरसीत (मटच्या सेटिंग फाइलमध्ये) अनसेट सस्पेंड करा. "देअर आर स्टॉप्ड जॉब्ज" दिसल्यावर दुसऱ्यांदा एक्झिट मारू नका. व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंग फाइलमध्ये) नोस्वॅपफाइल असेल तर वर सांगितलेलं काहीच मिळणार नाही. आणि मेल सर्व्हरवरून आयमॅपने वाचत असाल तर थांबलेलं मट कीपअलाइव्ह (कनेक्शन चालू ठेवायचा संदेश) पाठवत नाही, आयमॅपचं मानक आरएफसी ३५०१ प्रमाणे सर्व्हरने निदान ३० मिनिटं थांबायचं असतं, त्यानंतर कनेक्शन तोडू शकतो. जेवायला जाणार असाल तर आधी मेल पोस्टपोन करा (ड्राफ्ट म्हणून ठेवा). माझी मेलडिर (मेल साठवायची डिरेक्टरी) मट चालायचं त्याच सर्व्हरवर, म्हणजे लोकल होती, मला हा त्रास कधी झाला नाही.