देशात नीतिमत्ता उरली नाही असं वाटत असताना ख्रिस्ती माणसाने विश्वासात कसं टिकावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच सरकारी नोकरी लागली, ऑफिसात वरकमाई उघड चालते, मोबाइल उघडला की द्वेष आणि घाण, आणि रविवारी उपासनेत ऐकायला मिळतं की हा शेवटचा काळ आहे. अशात विश्वासू कसं राहायचं? मी नगरचा. ठेकेदारांची बिलं तपासणाऱ्या एका लेखा शाखेत 31 वर्षं काढून निवृत्त झालो. उपदेश पाळकसाहेब करतीलच, मी टेबलावरचं सांगतो.

'देश बुडाला' हे वाक्य फार स्वस्त आहे. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, तेही रोज संध्याकाळी हेच म्हणायचे. बायबलातल्या उपदेशक 7:10 मध्ये तर बजावलंच आहे की पूर्वीचे दिवस आतापेक्षा बरे का होते असं विचारू नकोस, ते विचारणं शहाणपणाचं नाही. हे वचन आमच्याकडे कुणी कॅलेंडरवर छापत नाही. शिवाय जगाला नावं ठेवताना आपल्याच मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, जमिनींचे कोर्टातले दावे आठवावेत. हळहळण्यात एक सोय असते, खिशातून दमडी न जाता आपण स्वच्छ ठरतो.

मला नोकरीत उपयोगी पडला तो लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय. बाप्तिस्मा घ्यायला आलेले जकातदार योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळातलं हे सगळ्यात बदनाम खातं. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही, रोमी सत्तेवर भाषणही देत नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणतो. शिपायांना सांगतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. ज्याच्या त्याच्या टेबलाएवढं उत्तर.

आमच्याकडे बिलामागे टक्का ठरलेला. मी घेत नव्हतो तर माझा वाटा दुसरा कुणी घेई, म्हणजे ठेकेदाराचं काहीच वाचत नसे. हे मला फार दिवस खुपलं. शेवटी जे हातात होतं ते केलं: बिल आलं की आवक नोंदवहीत तारीख टाकायची आणि आलेल्या क्रमानेच पुढे पाठवायचं. साहेब चिडले ते याच्यावर, कारण पैसा मिळतो तो रांग मोडण्याचा. मग चार वर्षं अभिलेख कक्षात, धूळ आणि वाळवीत गेली. छळ झाला असं म्हणणार नाही, तो शब्द मोठ्या दुःखांसाठी राखून ठेवावा. बढती मात्र उशिरा मिळाली.

एलीया संदेष्टा देवाकडे गाऱ्हाणं करत म्हणतो, मी एकटाच उरलो. तेव्हा देव त्याला सांगतो की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. आमच्या ऑफिसातला असा माणूस होता गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक वारकरी. आषाढात रजा टाकून पायी पंढरपूरला जायचा, ठेकेदाराचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मी खाली एकटाच जेवत असेन म्हणून रोज दोन जिने उतरून आपला डबा घेऊन यायचा. तेव्हा तुमचे सात हजार तुमच्याच मंडळीत असतील असं धरून चालू नका.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. वडील गेल्यावर गावच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. तीन हेलपाटे झाले, चौथ्यांदा एजंटाच्या हातावर 500 रुपये ठेवले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "घेत नाही म्हणून मिरवता, आणि देता ते?" त्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी बाकावरून उठलो नाही.

नुसतं आपलं टेबल सांभाळून भागतं का? दर वेळी नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता, तेव्हा सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल होत होते त्यावर पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर टीका केली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्यांनी भीड ठेवली नाही. त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली त्या केडगावला सांभाळत होत्या. मुलींच्या जेवणाखाण्याची काळजी वाहणारी बाई बोलत होती, म्हणून ते बोलणं लागलं. आपल्यापैकी जे रोज देशाच्या ऱ्हासावर संदेश पुढे ढकलतात त्यांना मी हीच गोष्ट सांगतो. मग ते विषय बदलतात.

तुमच्यासाठी एक व्यवहाराचं. नकार पहिल्याच आठवड्यात, शिपायासमोर, मोठ्याने द्या. नंतर जड जातं. आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स येईल. माझ्या पहिल्या दिवाळीला काजूकतलीच्या कागदाखाली पाकीट निघालं. पाकीट मी दुसऱ्या दिवशी परत केलं, पण पोरांनी कतली फस्त केली होती, ती कशी परत करणार? ठेकेदाराला वाटलं रक्कम कमी पडली. आठवड्याने तो जाड पाकीट घेऊन आला, सोबत दुप्पट मोठा बॉक्स.