लेकरू आणि प्लॉट एकाच अर्जात घालू नका

ताई,
मी मानेवाड्याला राहते. नवरा हिंगणा एमआयडीसीत नोकरीला, मुलगा नववीत. माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. त्याची बायको त्याच्या तीन वर्षं आधीच कॅन्सरने गेली होती. त्यांची नऊ वर्षांची मुलगी तेव्हापासून माझ्याकडे आहे. दोन दिवस दवाखान्यात होता तेव्हा भाऊ मला म्हणाला, ‘ताई, पोरीकडे पाहशील.’ आता शाळा पालकाचा कागद मागते, बँक मागते. वकील म्हणतात, कोर्टातून पालकत्व घ्या. आई इथेच नागपुरात, महाल भागात मोठ्या भावाकडे असते. तिथे विषय काढला तर भाऊ म्हणाला, ‘काहून कोर्टात जाता? घरचंच लेकरू आहे ना! स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू.’ मोठी वहिनी आतून बोलली, ‘बेस्याच्या प्लॉटसाठी चाललं हे सगळं.’ धाकट्याने नागपूरजवळ बेसा इथे एक प्लॉट घेतला होता. भाऊ म्हणतो, तो विकून पैसे पोरीच्या नावाने टाकू. ताई, मी रात्रभर रडले. पोरगी फार गुणी आहे, पण वर्ष झालं तरी फ्रीज उघडायच्या आधी ‘आत्या, घेऊ का?’ विचारते. कोर्टात गेले तर माहेर तुटेल. नाही गेले तर उद्या हिचं काय?
– एक आत्या, नागपूर

आत्याबाई,

कोर्टात जा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मोठ्या वहिनीचं बोलणं तुम्हाला फार लागलंय आणि ते खोटं आहे हे दाखवायला तुम्ही आणखी वर्षभर गप्प बसाल अशी मला भीती वाटते. त्या गप्प बसण्याचा भार मुलीवर पडेल.

नोटरीचा विचार तर आजच सोडा. स्टॅम्पपेपरवर कितीही शिक्के मारले तरी त्याने कुणी कायदेशीर पालक होत नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक आई-वडील. (हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागतो, नागपुरात हे सांगितलेलं बरं.) दोघंही नसले की काका, आत्या, आजी यांच्यापैकी कुणीच आपोआप पालक ठरत नाही. भावाने मृत्युपत्रात कुणाचं नाव लिहून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून त्याचे कागद एकदा नीट चाळा. तसं काही नसेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली कोर्टात अर्ज, हाच मार्ग.

याच कायद्यात तुमच्या घरचं भांडण शमवणारी एक सोय आहे आणि तुमच्यापैकी कुणालाच ती माहीत नसावी असं दिसतं. मुलीचं पालकत्व आणि तिच्या मालमत्तेचं पालकत्व ही दोन वेगळी पालकत्वं आहेत. ती दोन वेगळ्या माणसांना देता येतात. त्यांची दारंही वेगळी आहेत. मुलगी कुणाजवळ राहील, तिची शाळा आणि दवाखाना कोण पाहील, यासाठी कौटुंबिक न्यायालय. तिच्या प्लॉटचं, पैशाचं कोण पाहील, यासाठी जिल्हा न्यायालय. नागपुरात दोन्ही आहेत, आणि मुलगी मानेवाड्याला राहते तेव्हा अर्ज नागपुरातच होईल.

तुम्ही फक्त पहिला अर्ज करा. प्लॉटचं नावही त्यात येऊ देऊ नका. वकील ‘एकदाच सगळं करून टाकू’ म्हणतील, तरी नाही म्हणा. शाळेला हवा असलेला कागद या पहिल्या अर्जातून मिळतो. बँकेतला पैसा तिथे सुखरूप आहे, तो थांबू शकतो. पुढे तिच्या शिक्षणासाठी तो खरंच लागला तर दुसरा अर्ज करता येईल, आणि त्यात तुम्ही स्वतःच मागणी करा की रक्कम मुलीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ती १८ वर्षांची होईपर्यंत मुदत ठेवीत राहावी आणि फक्त व्याज शिक्षणाला मिळावं. ही मागणी अर्जात लेखी असली की घरात कुणाला बोट दाखवायला जागा उरत नाही.

प्लॉटबद्दल मोठ्या भावाला दोन गोष्टी शांतपणे सांगाव्या लागतील. आज तो प्लॉट कुणीच विकू शकत नाही, भाऊ नाही आणि तुम्हीही नाही. कोर्टाने मालमत्तेचा पालक नेमला तरी त्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही, पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. मागितला की हिशेब द्यावा लागतो. घाईने विक्री केलीच तर मुलगी सज्ञान झाल्यावर ती कोर्टात मोडायला जाऊ शकते, आणि शहाणा खरेदीदार असा प्लॉट मुळात घेणारच नाही. दुसरी गोष्ट वाट्याची. प्लॉट धाकट्याच्या स्वतःच्या कमाईचा असेल आणि त्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे त्याची मुलगी आणि त्याची आई अशा दोघीच पहिल्या वर्गातल्या वारस ठरतात. निम्मा हिस्सा पोरीचा, निम्मा तुमच्या आईचा. तुमचा काहीच नाही, मोठ्या भावाचाही नाही. हे आईसमोर, वहिनीच्या देखत बोला. आरोपाला याहून सरळ उत्तर तुमच्याजवळ नाही, आणि ते द्यायला आवाजही चढवावा लागत नाही. आपल्या हिश्शाचं काय करायचं ते तुमची आई ठरवेल, त्यात तुम्ही पडू नका.

माहेर तुटण्याची भीती मी हलक्याने घेत नाही. अर्ज झाला की कोर्ट जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढू शकतं. ती महालातल्या घरी अचानक पोचली तर भाऊ तिला हल्ला समजेल आणि त्यात त्याची फारशी चूक नसेल. म्हणून अर्ज दाखल होण्याआधी स्वतः जाऊन सांगा. अर्जाची प्रत त्याच्या हातात द्या, वाचू द्या, त्यात प्लॉट कुठेच नाही हे त्याला दिसू द्या. मग आईचं आणि त्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र मागा. ते मिळालं तर प्रकरण पुष्कळ सोपं होतं. नाही मिळालं तरी अर्ज अडत नाही, फक्त वेळ लागतो. भावाशी संबंध ठेवायलाच हवेत, पोरीसाठीही. उद्या जात वैधता प्रमाणपत्र लागलं तर वडिलांकडच्या रक्तनात्यातले कागद लागतात आणि काकांचं प्रमाणपत्र मोठ्या कामाचं असतं. शिवाय तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन ती बोजारा (खाऊचे पैसे) मागायला महालातल्या घरी गेली पाहिजे. तिला काका हवा आहे.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. चार नातेवाईक आले, प्लॉट आला, बँक आली, पण मुलीच्या आजोळाबद्दल एक शब्दही नाही. तिच्या आईची आई आहे का? मामा, मावशी? त्यांनी आपली लेक गमावली आहे, आणि या मुलीच्या चेहऱ्यात त्यांना ती दिसत असणार. कोर्टात न्यायाधीश त्यांच्याबद्दल विचारू शकतात. विचारलं नाही तरी त्यांना न सांगता हे करू नका. फोन करा, शक्य असेल तर मुलीला घेऊन दोन दिवस जाऊन या. तिची आई लहानपणी कशी होती, काय खायची, कशावर रुसायची, हे सांगणारी माणसं त्याच घरात आहेत. तुम्ही कितीही माया केली तरी तेवढं तुम्हाला देता येणार नाही.

कोर्ट काय पाहतं ते सांगते. मुलीचं हित सगळ्यात वर. त्याखालोखाल तिचं वय, अर्जदाराचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक आणि वारलेल्या आईबापाची इच्छा. म्हणजे दवाखान्यात भाऊ तुम्हाला जे म्हणाला ते नुसतं आठवणीत ठेवायचं वाक्य राहत नाही. ते ऐकायला आणखी कोण होतं? तुमचे यजमान, शेजारच्या खाटेवरचं कुणी, नर्स? वकिलाला सांगा. मुलीचा जन्मदाखला, दोघांचे मृत्युदाखले, शाळेचं बोनाफाईड, नात्याचा पुरावा आणि तुमच्या घरचं उत्पन्न दाखवणारे कागद एका फाइलमध्ये जमवा.

मूल समजण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याची इच्छाही विचारात घेतं. नऊ वर्षांच्या मुलीशी न्यायाधीश आपल्या दालनात बोलू शकतात. तेव्हा तिला काही पढवू नका. आधी तुम्ही तिच्याशी बोला. हा कागद कशासाठी आहे ते तिला तिच्या भाषेत सांगा: शाळेत सही करायला, दवाखान्यात नेताना विचारलं तर दाखवायला. तिचं आडनाव बदलणार नाही, बाबांचं नाव नावामागे तसंच राहणार, आणि ती १८ वर्षांची झाली की हे पालकत्व संपेल. कुणी दत्तकाचं सुचवेल. आत्ता नको. दत्तकाने कायद्यातलं नातंच बदलतं, आणि आईबाप गमावलेल्या पोरीकडून त्यांचं नावही आपण काढून घेऊ नये, असं मला वाटतं. पुढे तिला हवंसं वाटलं तर, दत्तकासाठीची वयाची अट वकिलाला विचारून, तेव्हा पाहता येईल.

फ्रीजचं मात्र कुठलंच कोर्ट करू शकत नाही. वर्षभर विचारून घेणारी मुलगी गुणी आहे म्हणून विचारत नसते. आपण या घरी पाहुणे आहोत आणि गैरवागलो तर इथूनही जावं लागेल, असं तिला वाटतं. दोन माणसं तिच्या आयुष्यातून गेली आहेत, त्यामुळे तिचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. ‘अगं, विचारायचं काय त्यात’ असं म्हणून हे जाणार नाही. तिला कपाटाचा एक कप्पा द्या आणि तो तिला न विचारता आवरू नका. घरातलं एक काम तिच्याकडे सोपवा, झाडांना पाणी किंवा संध्याकाळचा दिवा, असं काम की ते तिनेच करायचं. मुलाला ओरडता तशा तिलाही ओरडा. तुम्ही तिला कधीच रागावत नसाल असा माझा अंदाज आहे, आणि मुलांना ते बरोबर कळतं. नवऱ्याला आणि मुलालाही हे सांगा. तुमच्या मुलाकडेही लक्ष असू द्या. नववीतल्या पोराला अचानक लहान बहीण मिळाली आहे आणि सगळं घर तिच्याभोवती फिरतंय, तो बोलणार नाही, पण त्याच्या एकट्यासाठी आठवड्यातून थोडा वेळ काढा.

पैशाची बाजूही पाहून घ्या. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेतून अनाथ मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा. त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहू नका. धाकट्या भावाचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्या पेन्शन योजनेत अनाथ मुलांसाठी वेगळं पेन्शन आहे, २५ वर्षांपर्यंत. त्याच्या कंपनीत विचारा.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करा. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

या आठवड्यात आधी आईशी एकटीशी बोला, मग आजोळी फोन करा, मग वकिलाकडे जा. अर्जाची प्रत तयार झाली की मोठ्या भावाकडे जा, आणि जाताना यजमानांना सोबत घ्या. मुलीला नेऊ नका.