लढाई संपली, मग आजोबा दोन वर्षं कुठे होते?

प्रश्न : आमचे आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ताऱ्याच्या आकाराचं एक पदक सापडलं. फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी आहे. सोबत काळ्या लाखेची एक डबी आहे, तिच्यावर सोनेरी डोंगर काढलाय. लढाई 1945 ला संपली. त्या पावसाळ्यात ते रजेवर आले, परत गेले, ते थेट 1947 च्या दिवाळीला घरी आले. भावकीत बोललं जायचं, की लढाई संपल्यावर कसली नोकरी, यानं शहरात दुसरं बिऱ्हाड केलं असणार. आजी ते ऐकत गेली. आजोबा कधी काही बोलले नाहीत. या वस्तूंवरून काही कळेल का?
– एक वाचक, पाटण, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फौजेत चोवीस वर्षं कारकुनी केली, शिपायांचे कागद वाचणं हेच माझं काम होतं. तरी सगळ्यात आधी सांगतो, पदकाला चिंच लावू नका. आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. हिंदुस्थानी शिपायांच्या ताऱ्यामागे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. ब्रिटिश शिपायांना हेच तारे कोरे मिळाले. घासून ती अक्षरं गेली, तर आजोबांचा एकुलता पुरावा जाईल. भिंग घ्या, उन्हात पदक तिरकं धरा, दिसेल ते कागदावर उतरवा.

फितीवरून तो ‘इटली स्टार’ आहे. 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळात सिसिली किंवा इटलीच्या मोहिमेत असलेल्यांना तो मिळाला. आपल्या मराठ्यांच्या एकाहून जास्त पलटणी तिथे होत्या. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथेच पडले, ते तिसऱ्या पलटणीचे. त्यामुळे नुसत्या ताऱ्यावरून पलटण ठरली नसती. ती ठरते तुमच्या डबीवरून. काळ्या लाखेवर सोनेरी डोंगर, हे जपानी काम दिसतं.

इटलीत लढून पुढे जपानला गेलेली मराठ्यांची पलटण म्हणजे पहिली, जिला आम्ही आजही ‘जंगी पलटण’ म्हणतो. एप्रिल 1945 मध्ये ती आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सेनियो नदीवर होती. नदी अरुंद, पण दोन्ही काठांना घरापेक्षा उंच मातीचे बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळं पाडून मशीनगनी बसवलेल्या आणि खाली सुरुंग पेरलेले. 9 एप्रिलच्या हल्ल्यात संगमनेरकडच्या निमज गावचे नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई होते. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांमधून मागे आणलं. मग एकट्यानं मशीनगनींची ठाणी मोडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना करत त्यांनी मागच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. 2 मे ला इटलीतली जर्मन फौज शरण आली, म्हणजे मध्ये अवघे तेवीस दिवस.

त्या तेवीस दिवसांत माझे चुलत आजोबा गेले. गावात लढाई संपल्याचा गूळ वाटून झाला आणि त्यानंतर तार आली. इटलीतल्या फोर्लीला आपल्या सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, दहन झालेल्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. मी अजून गेलेलो नाही.

युरोपात लढाई संपली तरी जपान लढतच होता. म्हणून आठव्या डिव्हिजनला जूनमध्ये हिंदुस्थानात आणलं, पूर्वेकडच्या लढाईच्या तयारीसाठी. तुमच्या आजोबांची पावसाळ्यातली रजा यात चपखल बसते. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले, जपान शरण आला, आणि जिंकलेल्या देशात पहारा ठेवायला फौज लागली. जनरल थिमय्या (तेव्हा ब्रिगेडियर) यांच्या 268 व्या ब्रिगेडमध्ये पंजाब आणि गुरखा पलटणींबरोबर आपली पहिली मराठा पलटण 1946 मध्ये जपानला गेली. या फौजेचं मुख्य बंदर कुरे, हिरोशिमाच्या अगदी शेजारी. दारूगोळा शोधून नष्ट करायचा, कोठारांवर पहारा द्यायचा, पाळी येईल तेव्हा टोकियोत राजवाड्यावर उभं राहायचं. 1947 मध्ये आपले लोक परत निघाले.

सातारकडच्या शिपायाला हुकूम आला की निघावंच लागे. लढाई संपली म्हणून मी घरी जातो, असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी घर सोडलं नव्हतं, ताई. जळालेलं हिरोशिमा त्यांनी पाहिलं असेल, तर न बोलण्याचं कारणही मला कळतं.

पक्कं करण्यासाठी पदकावरचा नंबर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवा. तुमचं नातं सांगा, साध्या मराठीत लिहिलंत तरी चालेल. नंबर अर्धवट दिसला तर मला फोटो पाठवा.

आणि आजोबांची एखादी मुलगी, तुमची आत्या, हयात असेल तर बेळगावच्या उत्तराची वाट बघू नका. या रविवारी जा, डबी तिच्या हातात द्या आणि ती कुठून आली असावी ते तिला सांगा.