मला शिकायला घेतले आहे की दाखवायला?

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेत आंतरवासितेची संधी देणाऱ्या योजना अलीकडे वाढल्या आहेत, आणि त्या योजनांतून आलेली मुले सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसली की थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात: माझी निवड माझ्या अभ्यासामुळे झाली की माझ्या अपंगत्वामुळे? ज्या विद्यार्थिनीची हकिकत पुढे देत आहे, तिने हाच प्रश्न अधिक नेमक्या शब्दांत विचारला होता. “मॅडम, मला शिकायला घेतले आहे की दाखवायला, हेच कळेनासे झाले आहे.” तिच्या संमतीने हे लिहीत आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती फिजिओथेरपीची विद्यार्थिनी. लहानपणापासून दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, श्रवणयंत्रे वापरते आणि समोरच्याचे ओठ वाचून बोलणे समजून घेते. एका पुनर्वसन विभागात सर्वसमावेशकतेच्या योजनेतून तिला सहा महिन्यांची आंतरवासिता मिळाली होती आणि सहाव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली.

पहिल्याच भेटीत चूक माझ्याकडून झाली. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली असे. मागून येणाऱ्या उजेडामुळे माझा चेहरा तिला जवळजवळ काळा दिसत होता. वीस मिनिटे ती शांतपणे मान हलवत राहिली आणि मी समजत होते की संवाद छान चालला आहे. मग ती संकोचून म्हणाली, “तुमचे निम्मे बोलणे मला कळलेले नाही.” मी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ वाचणे म्हणजे पुस्तक वाचणे नव्हे, हे तिने मला त्या दिवशी समजावले. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे ‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ यांत डोळ्यांना फरक करता येत नाही. क आणि ग तर घशाजवळ उच्चारले जात असल्याने बाहेर दिसतच नाहीत. उरलेले सगळे संदर्भावरून जुळवायचे असते आणि दिवसभर हे जुळवत राहिल्यावर संध्याकाळी डोके जड होते. समोरच्याचा खोळंबा नको म्हणून न कळताही मान हलवण्याची सवय त्यातूनच लागते. ही सवय तिच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, हे मला बरेच नंतर उमगले.

तिची तक्रार साधी नव्हती, कारण विभागातील सर्वजण तिच्याशी चांगले वागत होते. पाहुणे आले की तिला पुढे बोलावून तिची ओळख करून दिली जाई. परिचारिकांसाठी जे संवेदनशीलता सत्र ठेवले गेले, त्यात सर्वांनी दहा मिनिटे कानात कापूस घातला आणि शेवटी तिला “तुम्हाला कसे वाटते ते सांगा” असे म्हणून उभे केले. (अशा प्रयोगांविषयी माझे मत फारसे बरे नाही. दहा मिनिटांच्या कापसाने माणसाला ऐकू न येण्याची भीती कळते; वीस वर्षे त्यासह जगून कमावलेले कौशल्य कळत नाही.) सकाळच्या राउंडला मात्र मास्क लावलेली सात-आठ माणसे चालता चालता बोलत असत आणि तिच्या हाती काहीच लागत नसे. त्यातच, कर्णबधिर रुग्ण आला की वॉर्डातून हमखास तिलाच निरोप येई.

या शेवटच्या गोष्टीने ती सर्वांत जास्त दुखावली होती. एकदा अशाच एका रुग्णाकडे तिला पाठवण्यात आले. ते गृहस्थ सांकेतिक भाषेत बोलणारे होते आणि तिला ती भाषा येत नव्हती. ती तोंडाने बोलल्या जाणाऱ्या भाषेत आणि ओठवाचनावर वाढलेली. दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. त्यांनी एक खूण केली, तिने नकारार्थी मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटली ती तिला अजून आठवते. रुग्णाला दुभाषा हवा होता. विभागाने दुभाष्याऐवजी श्रवणयंत्र लावलेली मुलगी पाठवली, आणि असे करण्यात काही चूक आहे असे कोणालाही वाटले नाही.

मी सुरुवातीला जे करायला नको होते तेच केले. “तुझी निवड गुणवत्तेवरच झाली असणार,” असे म्हणाले. ती लगेच म्हणाली, “तुम्हाला कसे ठाऊक?” मला ठाऊक नव्हतेच. निवड समितीच्या मनात काय होते हे तिलाही कधी कळणार नव्हते, आणि खरे तर कोणाच्याच निवडीमागे एकच एक कारण नसते. पण निवडीनंतर काय घडते आहे हे मात्र मोजता येते, म्हणून पुढच्या भेटीला मी तिला तिची नोंदवही घेऊन यायला सांगितले.

आम्ही दोघींनी सहा आठवड्यांच्या नोंदी पानापानाने पाहिल्या. तिने स्वतंत्रपणे केलेल्या रुग्णतपासण्या चार होत्या. तिच्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या आंतरवासी विद्यार्थ्याच्या, तिने विचारून घेतल्याप्रमाणे, सतरा होत्या. पाहुण्यांना माहिती देणे, छायाचित्रांसाठी उभे राहणे, सत्रात बोलणे अशा कामांचे दिवस मात्र तिच्या वाट्याला दहा आले होते आणि त्यांची नोंद कुठेच नव्हती. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी संशयी नाही.” तिला धीर आला तो माझ्या बोलण्याने नव्हे, त्या बेरजेने.

ही बाब मी विस्ताराने लिहिते आहे, कारण या चिंतेत असलेले विद्यार्थी बहुधा दोन टोकांपैकी एकाकडे जातात. काही जण सगळे मुकाट्याने सोसतात, कारण संधी दिल्यावर वर तक्रार करणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. काही जण संतापून आंतरवासिताच सोडतात. दोन्हीकडे हेतूचा वाद असतो आणि समोरच्याचा हेतू सिद्ध करता येत नाही. कामाचे वाटप मात्र कागदावर मांडता येते, आणि त्याविषयी पर्यवेक्षकाशी बोलताना कोणाच्या चांगुलपणावर शंका घ्यावी लागत नाही.

पर्यवेक्षकांना द्यायचे पत्र तिने स्वतः लिहिले; मी फक्त त्यातील दोन ठिकाणची क्षमायाचना काढायला सुचवले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली स्वीकारला गेला आणि २००८ पासून अमलात आला. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे, असे त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे. चोविसावे कलम उच्च शिक्षणात आणि व्यावसायिक प्रशिक्षणात अशी सोय मिळण्याविषयी बोलते. तिने हे एका वाक्यात नमूद केले आणि मग तीन मागण्या लिहिल्या: राउंडच्या आधी रुग्णांची एक पानी यादी मिळावी, बोलणाऱ्याने तिच्याकडे तोंड करून बोलावे, आणि छाती तपासण्यासाठी श्रवणयंत्राला जोडता येईल असा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळावा. चौथी गोष्ट मागणी म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून लिहिली: मला सांकेतिक भाषा येत नाही, तेव्हा कृपया दुभाष्याची व्यवस्था करावी.

पर्यवेक्षकांनी भेटीत एक शंका काढली आणि ती मला रास्त वाटली. रुग्णाला चालवताना उपचारक त्याच्या बाजूला, थोडा मागे उभा असतो. अशा वेळी रुग्ण “चक्कर येते आहे” म्हणाला आणि हिला ते कळले नाही तर? तिने उत्तर तोंडी दिले नाही. ती त्यांना, रुग्ण ज्यांना धरून चालण्याचा सराव करतात त्या समांतर दांड्यांपाशी घेऊन गेली. त्या दांड्यांच्या टोकाला रुग्णाला आपली चाल दिसावी म्हणून मोठा आरसा असतो. रुग्णाच्या मागे उभी राहून तिने कमरेचा पट्टा धरला, आणि पर्यवेक्षकांच्या लक्षात आले की आरशात रुग्णाचा चेहरा, त्याचे ओठ आणि पावले तिला एकाच वेळी दिसत आहेत. शिवाय गुडघा लटपटण्याआधी कमरेत येणारा ताण तिच्या हाताला जाणवतो. जिथे आरसा नाही अशा व्हरांड्यात मात्र तिने पहिले काही दिवस दुसऱ्या कोणाबरोबर काम करावे, असे ठरले. तिने ते मान्य केले. कोणते काम करताना नेमका कोणता धोका आहे हे पाहिले, तर मार्ग निघतो. ‘हिला जमेल का’ असा सरसकट प्रश्न घेऊन बसले तर निघत नाही.

सगळेच जमले असे नाही. पारदर्शक मास्क आणले, पण त्यांवर वाफ धरू लागली आणि पंधरवड्यात ते कपाटात गेले. स्टेथोस्कोप यायला दोन महिने लागले. एक वरिष्ठ शेवटपर्यंत पाठ फिरवूनच बोलत राहिले.

तिच्या बाजूनेही एक गोष्ट बदलावी लागली, ती म्हणजे मान हलवण्याची सवय. यावर आम्ही तीन भेटी घालवल्या. न कळल्यास “पुन्हा सांगा” म्हणण्याऐवजी जे कळले ते म्हणून दाखवायचे: “डाव्या गुडघ्याला, दिवसातून दोनदा, असे मी समजले, बरोबर?” आरोग्यसेवेत तोंडी सूचना अशा परत म्हणून दाखवून पक्क्या करणे ही सुरक्षिततेची पद्धत आधीपासूनच आहे, त्यामुळे यात तिला वेगळेपण वाटण्याचे कारण उरले नाही. पुढे दुसरा आंतरवासी विद्यार्थीही तसेच करू लागला.

तिने एकदा विचारले, माझ्यासारख्यांना घेऊन विभागाचा फायदा तरी काय? मी तिला २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीविषयी सांगितले. अमेरिकेतील ७१४ डॉक्टरांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना असे वाटत होते की, लक्षणीय अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या जगण्याची गुणवत्ता इतरांपेक्षा खालची असते. अशा रुग्णांना आपण इतरांइतकीच चांगली सेवा देऊ शकतो, याची पक्की खात्री असलेले जेमतेम ४१ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १३० कोटी लोक, म्हणजे सहा जणांत एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. ज्यांच्याविषयी डॉक्टरांचा अंदाज इतका चुकतो, ते फक्त खाटेवर भेटत राहिले तर तो अंदाज दुरुस्त होणार कसा? ते राउंडला शेजारी उभे असले, तपासणीत चूक करताना आणि ती सुधारताना दिसले, तर काही फरक पडण्याची शक्यता आहे. मात्र त्यासाठी त्यांना काम करू द्यावे लागते. पाहुण्यांसमोर उभे करून ते साधत नाही. तिला हे उत्तर पुरेसे वाटले की नाही, हे तिने सांगितले नाही.

आंतरवासिता संपली तेव्हा तिच्या स्वतंत्र तपासण्या एकसष्ट झाल्या होत्या. माहितीपत्रकासाठी छायाचित्र मागितले, तेव्हा तिने रुग्णाबरोबर काम करतानाचे, रुग्णाच्या संमतीने काढलेले द्यायचे कबूल केले. एकटीचे दिले नाही. निवड का झाली, हे तिने कोणालाही विचारले नाही.

शेवटच्या भेटीत तिने सांगितले की, पुढच्या तुकडीत चाकाची खुर्ची वापरणारा एक विद्यार्थी येणार आहे आणि त्याला विभागाची माहिती करून देण्यासाठी तिला दोन दिवस बोलावले आहे. मी विचारले, “मग जाणार का?” ती म्हणाली, “जाईन. पण ते तास अनुभवाच्या दाखल्यात धरणार का, हे आधी लेखी विचारले आहे. उत्तराची वाट पाहते आहे.”