खाडीकाठचे घर आणि ग्रामपंचायतीचा दाखला

उदगीर येथील एका सेवानिवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. मुलगा मुंबईत नोकरीस असल्याने निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी वसई-विरार पट्ट्यात, पश्चिमेकडे, खाडीच्या बांधापासून साठ-सत्तर मीटरवरील एक बैठे घर ५८ लाख रुपयांस घेण्याचे ठरवले आणि २ लाख रुपये इसार दिला. ठरलेल्या मुदतीत खरेदीखत केले नाही, तर इसार जप्त होईल असे इसारपावतीत लिहिले आहे. विक्रेत्याकडे २००४ सालचा ग्रामपंचायतीचा बांधकाम दाखला, घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिल एवढेच कागद आहेत, आणि ‘आता महानगरपालिका आली, सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) लागत नाही’ असे तो सांगतो. खरेदीखत करावे की इसारावर पाणी सोडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

गुरुजी, आजच्या कागदांवर खरेदीखत करू नका, आणि इसारावरही पाणी सोडू नका. मात्र मुदत संपेपर्यंत गप्प बसलात तर आज तुमच्या बाजूने असलेला कायदा उद्या विक्रेत्याच्या बाजूला जाईल, म्हणून कारणे सविस्तर सांगतो.

ज्या दाखल्यावर सारी मदार आहे, तोच सर्वांत कच्चा आहे. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० पासून सिडको हे विशेष नियोजन प्राधिकरण होते आणि २०१० मध्ये ते अधिकार २००९ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे आले. त्यामुळे २००४ मध्ये तेथे बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीकडून नव्हे, तर सिडकोकडून घ्यायला हवी होती. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम अधिकृत असल्याचा नाही. उलट महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर आकारते आणि त्यावर दंडाची वेगळी रक्कम लावते. बिलावर ‘शास्ती’ असा रकाना भरलेला दिसला, तर घराची खरी स्थिती महापालिकेनेच लिहून दिली आहे असे समजा. म्हणून अलीकडच्या तीन-चार वर्षांची बिले मूळ स्वरूपात मागवा, झेरॉक्सवर विसंबू नका.

आता सीआरझेडचा, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचा प्रश्न. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, त्यानंतर २०११ ची आणि सध्या लागू असलेली १८ जानेवारी २०१९ ची. गाव महापालिकेत गेले म्हणून जमीन या नियमांतून सुटत नाही. फार तर तिचा वर्ग बदलू शकतो. तुमचे घर बांधले गेले तेव्हा १९९१ ची अधिसूचना लागू होती आणि खाडीलगतचे अंतर किमान १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते, असे धरले जात होते. २०१९ मध्ये हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी असे झाले. साठ-सत्तर मीटर हा आकडा नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि विक्रेता ठामपणे बोलतो आहे ते बहुधा याच जोरावर. परंतु नंतर शिथिल झालेल्या नियमाने पूर्वीचे विनापरवाना बांधकाम आपोआप अधिकृत होत नाही. शिवाय अंतर बांधापासून किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापासून मोजायचे नसते. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावरील उच्च भरतीरेषेपासून मोजायचे असते, आणि ती रेषा बांधाच्या आत, जमिनीच्या बाजूसही असू शकते. त्या खाडीला तिवरे, म्हणजे कांदळवन असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याचाही विचार करावा लागतो.

कोचीजवळील मरडू येथे जे घडले, ते तुमच्या प्रकरणाशी फार जुळते. तेथेही किनारा प्राधिकरणाची संमती न घेता ग्रामपंचायतीने परवाने दिले, पुढे ग्रामपंचायतीची नगरपालिका झाली, लोकांनी आयुष्याची कमाई घालून सदनिका घेतल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. न्यायालयाने रहिवाशांना प्रत्येकी २५ लाखांची अंतरिम भरपाई देवविली हे खरे, पण ‘आम्ही प्रामाणिक खरेदीदार आहोत’ या म्हणण्याने घर वाचले नाही.

जमिनीचा सातबारा आणि त्यावरील सर्व फेरफार मूळ आदिवासी किंवा शासकीय धारकापर्यंत मागे जाऊन तपासा. पालघर जिल्ह्यात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी लागते, आणि भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाची बंधने असलेली, जमीन असेल तर तीही परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे इनामी जमिनींच्या व्यवहारांत किती घरे बुडाली हे तुम्ही जाणता. अकृषिक आदेश, म्हणजे शेतजमीन अन्य कामासाठी वापरण्याची परवानगी, आणि मालकीचा किमान ३० वर्षांचा शोध अहवाल हवाच. महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे, संरक्षण येथे मिळणार नाही. हा विकासकाचा प्रकल्प नसून एका व्यक्तीने केलेली पुनर्विक्री आहे.

कागद नीट असले, तरी जागा स्वतः पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादचा माणूस घर घेताना आधी भिंत आणि पाया पाहतो. खाडीकाठी त्याच डोळ्यांनी पाणी पाहावे लागते. पावसाळ्यात, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीच्या वेळी तेथे जाऊन दोन तास उभे राहा. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटाराचे पाणी खाडीत न जाता मागे फिरते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पट्टा पाण्याखाली गेला आणि रेल्वे बंद पडली, हे लक्षात ठेवून शेजारच्या तीन घरांत तेव्हा पाणी कोठवर आले ते विचारा, भिंतीवरील खुणा पाहा. रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला असेल, तर पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तेच पाणी तुमच्या उंबऱ्यात येईल. पिण्याच्या पाण्याचे विचारताना ‘नळ आहे का’ एवढे पुरत नाही. जोडणी कोणाच्या नावे, पाणी किती दिवसांआड, बोअरचे पाणी खारे आहे का, टँकरला महिन्याला किती लागतात, हे विचारा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तो उन्हाळा आपण पाहिला आहे. समुद्राशेजारीही तहान लागते. खाऱ्या हवेने स्लॅबमधील लोखंड गंजते, तेव्हा छताचे प्लास्टर कोठे फुगले आहे ते अभियंत्याकडून तपासून घ्या. उतारवयात दोघेच राहणार असाल, तर रात्री रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ गाडीत बसून मोजा.

आता इसाराकडे येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार मालमत्तेतील व मालकीतील महत्त्वाचा, खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा दोष उघड करण्याचे कर्तव्य विक्रेत्यावर आहे. आणि खरेदीदाराने योग्य कारणास्तव व्यवहार नाकारला, तर दिलेल्या इसाराचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो. मात्र करार कायद्याच्या कलम १९ मधील अपवाद नीट समजून घ्या: चुकीच्या विधानावर विसंबून संमती दिली असली, तरी साधी चौकशी करून सत्य कळण्यासारखे असेल, तर त्या कारणाने करार रद्द करता येत नाही. त्यात तुम्ही विनाकारण माघार घेतली, तर जप्तीची अट न्यायालये सहसा मान्य करतात. म्हणूनच माघार नव्हे, कागदांची मागणी करायची.

या आठवड्यातच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, विक्रेत्यास पत्र पाठवा: आपण खरेदीस तयार आहोत व रक्कम उपलब्ध आहे, मात्र सिडकोची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, अकृषिक आदेश आणि त्या सर्व्हे क्रमांकाची किनारा व्यवस्थापन आराखड्यावरील स्थिती दर्शविणारा अधिकृत नकाशा १५ दिवसांत द्यावा, व तोवर खरेदीखताची मुदत वाढवावी. रक्कम तयार असल्याचा पुरावा म्हणून बँकेचे त्या तारखेचे विवरण जपून ठेवा. कागद आले, तर ते स्थानिक वकिलास दाखवून पुढे जा. आले नाहीत, तर वकिलामार्फत इसार परत मागणारी नोटीस द्या. ही रक्कम परत मिळण्याच्या दाव्यास साधारणतः ३ वर्षांची मुदत असते. या काळात मध्यस्थाने आणखी काही रक्कम, विशेषतः रोखीने मागितली, तर देऊ नका. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. दिलेले २ लाख बँकेतून गेले की हातात, हे तुमच्या पत्रात नाही. ते रोखीने दिले असतील, तर पावतीवर सही करणारे दोन्ही साक्षीदार आजच फोन करून गाठा आणि त्यांचे लेखी निवेदन घेऊन ठेवा.